प्रणिता सोळंके यांच्या दहा-दहाच्या रांगा

लिहून देणार : वसंत नामदेव ठोंबरे, वय बावन्न वर्षे, व्यवसाय अर्जलेखन, शिक्षण इयत्ता नववी उत्तीर्ण, मूळ राहणार मेडशी, हल्ली मुक्काम वाशीम.
जिच्याविषयी लिहावयाचे ती व्यक्ती : प्रणिता दिगांबर सोळंके, मूळ राहणार केनवड, व्यवसाय संगणकाचे प्रोग्राम लिहिणे.
साक्षीदार क्रमांक एक : रहीमभाई, चहाविक्रेते, कचेरीच्या फाटकाजवळ.
साक्षीदार क्रमांक दोन : हिम्मत नामदेव ठोंबरे, लिहून देणाराचा सख्खा धाकटा भाऊ, मूत्रपिंडाचा रुग्ण.
घटनेचा दिनांक : एक नाही. पहिला वार सोमवार, शेवटचा वार बुधवार, मधे सुमारे दोन वर्षे.

उपरोक्त मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, गेली सत्तावीस वर्षे मी कचेरीसमोरील टिनाच्या शेडमध्ये बसून लोकांची गाऱ्हाणी कागदावर आणत आलो आहे. वारसनोंद, बांधाचा वाद, थांबलेली पेन्शन, सासरचा जाच, यांपैकी कोणताही विषय माझ्या लेखणीला परका नाही. माझ्या अर्जाची भाषा वाचून एका साहेबांनी "हे कोणत्या वकिलाने लिहिले?" असे विचारले होते, ही गोष्ट मी स्वतः सांगणे बरे दिसत नाही, ती रहीमभाईंना विचारावी. मात्र ज्या व्यक्तीविरुद्ध काहीच तक्रार नाही, अशा व्यक्तीविषयी मी आजवर एक ओळही लिहिलेली नव्हती. हा पहिलाच प्रसंग आहे.

माझ्या शेडच्या पाठीमागे आठ बाय दहाची एक खोली आहे. एका सोमवारी एक तिशीची बाई हातात कुलूप आणि खांद्यावर बॅग घेऊन त्या खोलीसमोर उभी राहिली. पुण्याच्या कंपनीत नोकरी, वडिलांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, आई एकटी, म्हणून घरून काम मागून घेतलेले. पण केनवडच्या घरी इंटरनेट धड मिळत नाही, सबब दिवसभरासाठी वाशीमला खोली. एवढी माहिती तिने मी न विचारता दिली. मग तिनेच विचारले, "काका, इथं नेट कसं चालते?"

मी म्हणालो, "बाई, इथं कायदा चालते. नेटचं त्या रहीमभाईले विचारा."

ती मोकळेपणी हसली आणि कुलूप उघडून आत गेली. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणू लागलो, वयाने ती मला मुलीसारखी असूनही.

प्रणिताताईंच्या तोंडी एक शब्द सदैव असे : "कशावरून?" कोणी म्हणाले की पाऊस येईल, तर कशावरून. कोणी म्हणाले की साहेब आज कचेरीत आहेत, तर कशावरून. यात उद्धटपणा मुळीच नसे. लहान मूल जसे चंद्राविषयी विचारते तसा तो प्रश्न असे. तरीही माणसे चिडत. एके दिवशी रहीमभाईंनी कप ठेवता ठेवता म्हटले, "मॅडम, आज चहा एकदम फर्स्टक्लास झाला."

"कशावरून?"

"आता बाप्पा! पिऊन पाहा ना."

"म्हणजे तुमी अजून पिऊन पाह्यला नाही."

रहीमभाई माझ्याकडे पाहू लागले, मी फायलीकडे. दुसऱ्या दिवसापासून मात्र पातेले उतरवण्यापूर्वी रहीमभाई एक घोट बशीत घेऊन चाखू लागले. आजही चाखतात. गिऱ्हाइकांत त्यांनी ताईंचे नाव 'कशावरून मॅडम' असे पाडले होते, पण चहाची चव सुधारली हे ते नाकारत नाहीत.

आता मूळ विषयाकडे येतो. माझा भाऊ हिम्मत याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिस करावे लागते, म्हणजे मशीनवर रक्त धुऊन घ्यावे लागते. दोन वेळांमधे तीन दिवसांचे किंवा फार तर चार दिवसांचे अंतर चालते. त्याहून जास्त पडले की त्याचे पाय सुजतात, श्वास पुरत नाही आणि बोलताना तो शब्द मधेच सोडतो. वाशीममध्ये एका धर्मादाय संस्थेचे डायलिसिस केंद्र आहे. तेथे त्याचा नंबर लागतो. मेडशीहून एसटीने यायचे, चार तास मशीनवर पडायचे आणि परत जायचे.

या केंद्राने नंबर कळवण्यासाठी बाहेरच्या एका माणसाकडून प्रोग्राम करून घेतला होता. रोज सायंकाळी तो आपोआप उद्याच्या रुग्णांच्या मोबाईलवर संदेश पाठवी. महिना बदलताना तो चुकतो अशी शंका आली, म्हणून त्या माणसाने एका शनिवारी त्याची चाचणी घेतली. चाचणी म्हणून त्याने प्रोग्राम चालवला आणि प्रोग्रामने खरोखरच सगळ्यांना 'उद्या या' असे संदेश पाठवून दिले. रविवारी सकाळी केंद्राला कुलूप आणि बाहेर रिसोड, मालेगाव, मंगरुळपीरकडून आलेली माणसे. हिम्मत पायरीवर बसला होता. तो मला म्हणाला, "दादा, चाचणी त्याची होती की आमची?"

हे मी ताईंना सांगितले तेव्हा त्या प्रथमच रागावलेल्या दिसल्या. त्या माणसावर नव्हे, प्रोग्रामवर. "काका, त्यानं दुसरं काय करावं? त्या प्रोग्रामले तपासायची जागाच ठेवलेली नाही. तोच घड्याळ पाह्यते, तोच यादी उघडते, तोच नंबर ठरवते, तोच संदेश धाडते. सगळा एक गोळा. एकाले हात लावला की चारही हलतात."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी केंद्राच्या सचिवांना भेटून सदर काम स्वतःकडे घेतले. मोबदला घेतला नाही. नोकरी सांभाळून, दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी त्या ते करीत.

त्यांची काम करण्याची रीत मला समजली ती त्यांच्या वडिलांमुळे. आपल्याकडे पेरणीपूर्वी घरचे सोयाबीन उगवते की नाही हे पाहण्याची पद्धत आहे. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. ताई म्हणाल्या, "लहानपणी मी बाबांले मदत म्हणून मूठभर दाणे गोणपाटावर फेकले. बाबांनी सगळे उचलाले लावले. म्हणे, पोरी, दहा-दहाच्या रांगा लाव. दाणा दाण्याले चिकटला नाही पाहिजे. मी म्हटलं, उगवणारा दाणा रांगेत नसला तरी उगवतेच ना? तं म्हणे, उगवते, पण मोजता येत नाही. कोणता उगवला, कोणता सडला, कोणत्या दाण्यानं शेजारचा सडवला, काही समजत नाही."

"मंग?" मी विचारले.

"मंग काही नाही. मी तेच करून राह्यली. दाणे वेगळे ठेवून राह्यली."

त्यांनी त्या प्रोग्रामचे तुकडे केले. नंबर ठरवणारा तुकडा त्यांनी एकटा ठेवला. त्याला घड्याळ पाहण्याची मनाई, मोबाईलला शिवण्याची मनाई, केंद्राचा संगणक उघडण्याची मनाई. आजची तारीख, रुग्णांची यादी आणि चालू मशिनींची संख्या त्याच्या हातात बाहेरून द्यायची. त्याने उद्याची नावे परत द्यायची आणि गप्प बसायचे. संदेश पाठवणारा दुसरा तुकडा होता, आणि चाचणीच्या वेळी त्याच्या जागी त्या एक बनावट पोस्टमन उभा करीत. हा पोस्टमन सगळी पत्रे घेई, पिशवीत ठेवी आणि कोणाच्याही दारी न जाता पिशवी उघडून दाखवी. मेडशीत कोणाचा मोबाईल वाजत नसे.

तारखेची गोष्ट मला लगेच पटेना. मी म्हणालो, "ताई, संगणकात घड्याळ असतेच. मंग तारीख हातानं कायले द्यायची?"

त्यांनी माझ्या टेबलावरचे छापील अर्ज उचलले. "काका, यात दिनांकाची जागा कोरी काहून ठेवली?"

आता हे मला कोणी विचारावे! पूर्वी एकदा मी उत्पन्नाच्या दाखल्याचे पन्नास अर्ज आगाऊ तारीख टाकून टाइप करून ठेवले होते, आणि सगळे रद्दीत गेले होते. तेव्हापासून दिनांक शेवटी, दाखल करतेवेळी, गिऱ्हाइकासमोर. मी तसे सांगितले.

"बस्स," त्या म्हणाल्या. "तारीख आत छापली की तो कागद एकाच दिवसाचा. कोरी ठेवली की कोणत्याबी दिवसाचा. मले आज बसून दिवाळी पाह्यची आहे, एकोणतीस फेब्रुवारी पाह्यची आहे. त्या दिवसाची वाट पाहत बसली तं तुमच्या भावाचं काय?"

असे म्हणून त्यांनी एक बटण दाबले आणि पडद्यावर संपूर्ण वर्ष गेले. बशीतला चहा अजून गरम होता. मी सत्तावीस वर्षे तारखा लिहितो आहे, पण वर्ष असे जाताना मी पाहिले नव्हते.

प्रोग्राम तपासणारे जे छोटे प्रोग्राम असतात त्यांना त्या टेस्ट म्हणत. टेस्टसाठी त्यांना अडचणी हव्या असत. एके दिवशी खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर बसल्या. "काका, तुमच्यापाशी सगळ्या जिल्ह्याची भांडणं येतात. मले भांडणं पाहिजेत."

"फुकट?"

"चहा माझा."

मग मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. केनवडचे दोन प्रल्हाद, बापाचे नावही एकच. ऋषिपंचमीला मशीनवर येणार नाही म्हणजे नाही असे म्हणणाऱ्या आजी. एकाच मोबाईलवर सासू आणि सून, दोघींचे नंबर वेगवेगळ्या दिवशी. मुलाकडे मुंबईला गेलेला आणि न सांगता परत आलेला रुग्ण. प्रत्येक भांडणाची त्यांनी एक टेस्ट केली आणि तिला मराठीत नाव दिले. पडद्यावर ओळीने नावे येत : 'केनवडचे दोन प्रल्हाद', हिरवे. 'ऋषिपंचमीच्या आजी', हिरवे. 'सासू-सून एक मोबाईल', लाल, म्हणजे प्रोग्राम तेथे चुकला. मग दोन दिवसांनी हिरवे. माझ्या सांगण्यातून निर्माण झालेल्या त्या यादीकडे मी अभिमानाने पाहत असे, हे मी लपवीत नाही.

यानंतर जे घडले ते लिहिताना मला संकोच होतो; पण अर्जात अडचणीचे कलम वगळणे हा माझा शिरस्ता नाही.

सचिवांनी उद्घाटनाचा दिवस ठरवला. पाहुणे ठरले, मांडव ठरला. ताईंनी निरोप पाठवला की एक टेस्ट लाल आहे, ती हिरवी झाल्याशिवाय प्रोग्राम सुरू करता येणार नाही. एका लाल ओळीसाठी उद्घाटन थांबवायचे, हे कोणालाच रुचले नाही. रुग्णांचे नातेवाईक माझ्याकडे आले. जुना प्रोग्राम बंद ठेवलेला, तोवर वहीतून फोन करून नंबर कळवले जात होते आणि त्यात घोटाळे होत होते. एकदा हिम्मतचा नंबर एक दिवस पुढे गेला होता आणि त्याचे पाय मी स्वतः पाहिले होते. मी भडकलो. मी अर्ज लिहिला. बावीस सह्या घेतल्या. "सदर महिला हेतुपुरस्सर कालापव्यय करीत असून" अशी सुरुवात असलेले ते एकच वाक्य एक पान चालले होते, आणि माझ्या आजवरच्या वाक्यांत ते उत्कृष्टांपैकी होते.

मी चहाला गेलो असता ताईंनी तो टेबलावर वाचला. मी परत आलो तेव्हा कागद त्यांच्या हातात होता. पळून जाण्यास जागा नव्हती.

"अर्ज झकास आहे काका."

कागद मागायला मी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.

"पण याले तपासता येत नाही. मी दिरंगाई करते, मी फोन उचलत नाही, पेशंटचे हाल होऊन राह्यले, आणि मी केनवडची म्हणून केनवडवाल्यांले आधी नंबर लावते. चार गोष्टी एकाच दोरीत बांधल्या. शेवटची खोटी आहे. साहेब थे पाह्यतीन आणि चारही फेकतीन. यातल्या दोन खऱ्या आहेत, काका. पेशंटचे हाल खरेच आहेत. आणि फोन मी खरंच उचलत नाही. त्या खऱ्या दोन वाया जातीन."

माझ्याविरुद्ध एखाद्याने असा अर्ज लिहिला असता तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ही बाई स्वतःविरुद्धचा अर्ज अधिक मजबूत कसा होईल हे मला सांगत होती. मी खाली पाहत म्हणालो, "लाल काय आहे थे तरी दाखवा मले."

त्यांनी दाखवले. बारा काल्पनिक रुग्ण, एक दिवस. एक मशीन बंद पडते. रांगेतला शेवटचा, म्हणजे बारावा, दुसऱ्या दिवशी ढकलला जातो. दुसऱ्या दिवशीची माणसे आधीच ठरलेली, म्हणून तेथेही तो शेवटीच. मशीन अजून बंदच. तो पुन्हा ढकलला जातो. त्याच्या चार दिवसांचे सहा दिवस होतात. बाकी अकरा जणांना काहीच कळत नाही.

"हा बारावा कोण?" मी विचारले.

"कोणीबी. ज्याचं नाव यादीत सगळ्यात शेवटी नोंदलं तो."

केंद्रासाठी रुग्णांचे नोंदणी-अर्ज मीच भरले होते, विनामूल्य. घरच्या माणसाला पुढे घातले असा आरोप कोणी करू नये, म्हणून हिम्मतचा अर्ज मी जाणूनबुजून सर्वांत शेवटी ठेवला होता.

मी ताईंना हे सांगितले. रहीमभाईंना हात करून त्यांनी दोन चहा सांगितले, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत कामाला लागल्या नाहीत.

त्या सायंकाळी मी नवा अर्ज लिहिला. कलम एक : रुग्णांचे हाल होत आहेत, पुरावा, वहीची पाने. कलम दोन : प्रोग्राममध्ये एक दोष सापडला आहे, पुरावा, बारा रुग्णांचा तक्ता. कलम तीन : दोष जाईपर्यंत उद्घाटन पुढे ढकलावे. प्रत्येक कलम स्वतःच्या पायावर उभे. एक पडले तरी दुसऱ्याला धक्का नाही. आयुष्यातील माझा सर्वांत तोकडा अर्ज तो. सह्या पुन्हा घेताना हिम्मत म्हणाला, "दादा, मांगच्या हप्त्यात बाईच्या विरोधात सही, या हप्त्यात बाईसाठी सही. एकदाच कोऱ्या कागदावर घेऊन ठेव ना बाप्पा!" बाकीचे हसले. सह्या मात्र बावीसच्या बावीस झाल्या.

सचिवांनी अर्ज वाचला आणि मांडव रद्द केला. नंबर लावताना यादीतला क्रम पाहायचा नाही, शेवटचे डायलिसिस होऊन किती दिवस झाले ते पाहायचे, असा बदल ताईंनी केला. तीन दिवस लागले. त्या म्हणाल्या की लिहायला अर्धा तास पुरला, बाकीचा वेळ जुन्या सगळ्या टेस्ट हिरव्या राहतात ना हे पाहण्यात आणि नव्या चार लिहिण्यात गेला. उद्घाटन झालेच नाही. एका मंगळवारी प्रोग्राम सुरू झाला आणि सायंकाळी ठरल्या वेळी मोबाईल वाजले, इतकेच. त्यानंतर केंद्राची मशीन बंद पडली नाही असे नाही. एकदा सलग तीन दिवस बंद होती. हिम्मतचे चारचे सहा कधी झाले नाहीत. इतर कोणाचेही झाले नाहीत.

गेल्या वर्षी ताईंना अमरावतीला शिकवण्याची नोकरी लागली. वडील आता काठीशिवाय चालतात, हे सांगताना त्यांनी पहिल्यांदाच कोणी न विचारता पुरावा दिला : ते स्वतः पेरणीला उभे राहिले होते. बुधवारी सकाळी बसस्थानकावर मी त्यांना निरोप द्यायला गेलो. हिम्मत तेव्हाच डायलिसिससाठी एसटीतून उतरला होता. माझ्या लक्षात आले की दोन वर्षांत या दोघांनी एकमेकांना पाहिलेलेच नाही. मी ओळख करून दिली. हिम्मतने हात जोडले. ताई थोड्या गोंधळल्या; मग म्हणाल्या, "दादा, आजच्या आधीचा तुमचा नंबर कधी होता?"

त्याने मोबाईल पुढे केला. मागचा संदेश होता : शनिवार, सकाळी सात. ताईंनी बोटांवर दिवस मोजले. शनि, रवि, सोम, मंगळ, बुध. ओठ हलत होते. एकदा मोजले, पुन्हा एकदा मोजले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि अमरावतीच्या गाडीत चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला तो आम्हा दोघांपैकी नेमका कोणाला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

आता प्रार्थना. केंद्राने प्रोग्रामची देखभाल नव्या कंत्राटदाराकडे दिली आहे. प्रोग्रामपेक्षा टेस्टच जास्त आहेत, त्या काढून टाकल्या की काम हलके होईल, असे त्याने केंद्राच्या समितीस कळवल्याचे समजते. समितीने अद्याप निर्णय घेतलेला नाही. दरम्यान कंत्राटदाराकडील एका मुलीचा परवा मला फोन आला होता. 'ऋषिपंचमीच्या आजी' म्हणजे काय, हे तिला समजून घ्यायचे होते. मी सविस्तर सांगितले. तिने विचारले, "काका, अजून अशा किती गोष्टी आहेत?" जिला प्रश्न पडला ती सहसा काही काढून टाकत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून मला समितीकडून न्यायाची पूर्ण आशा आहे.

सबब समितीस नम्र विनंती की, प्रणिता सोळंके यांनी लिहिलेल्या टेस्ट काढू नयेत, प्रोग्राममध्ये कोणताही बदल करण्यापूर्वी व केल्यानंतर त्या चालवण्यात याव्यात, आणि या विनंतीचे लेखी उत्तर मिळावे. उत्तर नकारार्थी असल्यास कोणती टेस्ट काढली, आणि ती काढल्यावर कोणत्या रुग्णाचा नंबर किती दिवसांनी येईल, हे त्या रुग्णाच्या नावासह कळवावे.

आपला विश्वासू,
वसंत नामदेव ठोंबरे
अर्जलेखक, वाशीम